जग्वार सी-एक्स ७५ : टाटांच्या काळातील जग्वारची महत्त्वाकांक्षी संकल्पना-मोटार

जग्वार सी-एक्स ७५ ही ब्रिटनमधील जग्वार या आलिशान मोटारींच्या कंपनीने सप्टेंबर २०१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सादर केलेली दोन आसनी, अतिवेगवान संकल्पना-मोटार होय. चार चाकांना चार स्वतंत्र विजेच्या मोटरी, त्यांना वीज पुरविणारी लिथियम-आयन बॅटरी आणि बॅटरी उतरल्यास ती भरून काढणारी दोन छोटी गॅस टर्बाइन अशी तिची योजना होती. चारही मोटरींची मिळून ७८० अश्वशक्ती, ताशी ३३० किलोमीटरचा कमाल वेग आणि उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास ३.४ सेकंद, हे कंपनीने जाहीर केलेले आकडे. पुढे या मोटारीच्या २५० प्रती विक्रीसाठी बनविण्याचे ठरले, फॉर्म्युला वनमधील विल्यम्स संघाचे साहाय्य घेतले गेले, प्रत्यक्ष धावणारे नमुनेही तयार झाले; आणि डिसेंबर २०१२ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला.

मराठी वाचकाला या मोटारीविषयी आस्था वाटावी याचे पहिले कारण तिच्या मालकीत आहे. मुंबईच्या टाटा मोटर्सने २ जून २००८ रोजी फोर्ड कंपनीकडून जग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही उद्योग सुमारे २३० कोटी डॉलरना विकत घेतले. त्याच वर्षाच्या जानेवारीत टाटांनी दिल्लीत नॅनो दाखविली होती. एका सी-एक्स ७५ ची ताकद सुमारे बावीस नॅनोंच्या बरोबरीची भरते. आणि ही दोन्ही टोके एकाच मालकाच्या वहीत अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने नोंदली गेली. जग्वारच्या या मोटारीचे आरेखन विलायतेत झाले, तिचा कारखानाही विलायतेतच होता. मात्र ती बनवावी की नाही, या प्रश्नाच्या मुळाशी असलेली भांडवलाची जबाबदारी मुंबईच्या बॉम्बे हाउसवर होती.

नावाची कथा

‘सी-एक्स’ म्हणजे प्रायोगिक संकल्पना आणि ‘७५’ म्हणजे जग्वार या नावाची पंचाहत्तर वर्षे. विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली या दोघांनी १९२२ मध्ये स्वॅलो साइडकार या नावाने मोटारसायकलच्या बाजूगाड्या बनविण्याचा उद्योग सुरू केला. १९३५ मध्ये एका मोटारीला ‘एसएस जग्वार’ असे नाव दिले गेले. युद्धानंतर ‘एसएस’ ही अक्षरे हिटलरच्या काळ्या पलटणीची आठवण करून देत असल्याने १९४५ मध्ये कंपनीनेच जग्वार हे नाव धारण केले. म्हणजे २०१० चा अमृतमहोत्सव हा कंपनीचा नसून तिच्या नावाचा होता.

आरेखन विभागाचे प्रमुख इयान कॅलम यांच्या चमूने ही मोटार रेखाटली. तिच्या अंगलटीत १९६६ च्या एक्सजे १३ या मोटारीची छाया दिसते. ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीसाठी बनविलेली ती मोटार कधीही शर्यतीत उतरली नाही. प्रेरणा घेण्यासाठी जग्वारने न धावलेलीच मोटार निवडावी, हा योगायोग पुढच्या घडामोडींकडे पाहता चमत्कारिक वाटतो.

संकल्पना-मोटार आणि दिलेला शब्द

मोटार प्रदर्शनांत मांडल्या जाणाऱ्या संकल्पना-मोटारी बहुधा विक्रीसाठी नसतातच. कित्येकींना इंजिन नसते; काहींची दारे उघडतात, पण चाके जेमतेम फिरतात. कंपनीची दिशा कळावी, लोकांचा कल अजमावता यावा आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत छायाचित्र यावे, एवढाच त्यांचा हेतू. अडचण निर्माण होते ती कौतुक फार झाले की. प्रेक्षक ग्राहक होऊ पाहतात, धनादेश पुढे करतात आणि कंपनीला मोह आवरत नाही.

जग्वारने हा मोह एकदा महागात पडताना पाहिला होता. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात तिने एक्सजे २२० ही संकल्पना-मोटार मांडली. बारा सिलिंडरचे इंजिन, चारही चाकांना शक्ती. श्रीमंतांनी ५० हजार पौंडांची अनामत भरून नावे नोंदविली. १९९२ मध्ये मोटार हाती आली तेव्हा इंजिन सहा सिलिंडरचे टर्बो होते आणि शक्ती फक्त मागच्या चाकांना. मोटार वेगाने कमी नव्हती; त्या काळातील सर्वांत वेगवान मोटारींत तिची गणना होते. पण मधल्या काळात मंदी आली होती आणि किंमत वाढली होती. ‘दाखविले एक, दिले दुसरेच’ असे म्हणत काही ग्राहक न्यायालयात गेले. अखेर तीनशेहूनही कमी मोटारी बनल्या. सी-एक्स ७५ च्या निर्णयाकडे पाहताना कंपनीच्या जुन्या माणसांना एक्सजे २२० आठवली नसेल, असे मानणे कठीण आहे.

टर्बाइन : चंद्रपूरचे आणि जग्वारचे

सी-एक्स ७५ चे खरे नावीन्य तिच्या टर्बाइनमध्ये होते. चंद्रपूर-मूल परिसरातील वाचकाला टर्बाइन हा शब्द नवा नाही. दुर्गापूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ केली जाते, ती वाफ दाबाखाली पात्यांवर सोडली जाते, पाती फिरतात आणि त्यांच्या दांड्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्याने ही प्रचंड टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्या घेतात. या केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॉट आहे.

गॅस टर्बाइनमध्ये वाफेचे काम तप्त वायू करतो. पुढून हवा आत खेचून दाबायची, तीत इंधन जाळायचे आणि प्रसरण पावणाऱ्या वायूच्या झोताने पाती फिरवायची. विमानाच्या जेट इंजिनाचे तत्त्व हेच. ब्लेडन जेट्स या ब्रिटिश कंपनीने हेच यंत्र अगदी लहान आकारात आणले होते. सी-एक्स ७५ मधील प्रत्येक टर्बाइनचे वजन ३५ किलो, म्हणजे गव्हाच्या अर्ध्या पोत्यापेक्षा थोडे जास्त किंवा कमी, पोत्याच्या मापाप्रमाणे! त्याची क्षमता ७० किलोवॉट आणि गती मिनिटाला ८० हजार फेऱ्या. पूर्ण गतीत ते मिनिटाला ३५ हजार लिटर हवा आत घेते. अशी दोन टर्बाइन आसनांच्या मागे, पारदर्शक आवरणाखाली बसविलेली होती. टाटा समूहाने २०१० मध्ये ब्लेडन जेट्समध्ये भागभांडवलही घेतले.

मोटारीत टर्बाइन बसविण्याची कल्पना मात्र जुनी. जगातील पहिली टर्बाइन मोटार रोव्हर कंपनीने १९५० मध्ये चालवून दाखविली. तिचे नाव जेट १. रोव्हर म्हणजे लँड रोव्हरची जननी, तेव्हा हा वारसा घरचाच म्हणायचा. अमेरिकेत क्रायस्लरने १९६३ पासून पन्नास टर्बाइन मोटारी सामान्य कुटुंबांना वापरून पाहण्यासाठी दिल्या. यंत्र गुळगुळीत चालत असे, थरथर नसे, हलणारे भाग थोडे, आणि रॉकेलपासून डिझेलपर्यंत बरेच काही त्याला पचत असे. तरीही प्रयोग फसले. टर्बाइनला एका ठरावीक गतीने अखंड फिरणे मानवते. शहरातील रस्त्यावर मात्र मोटार क्षणात थांबते, क्षणात पळते. पाय दाबल्यानंतर टर्बाइनला वेग घेण्यास उशीर लागतो आणि मंद गतीत ते इंधन अक्षरशः पिते.

जग्वारच्या अभियंत्यांनी ही अडचण दुसऱ्या बाजूने सोडविली. टर्बाइनला चाकांशी जोडलेच नाही. चाके फिरवायची विजेच्या मोटरींनी. टर्बाइनचे काम फक्त वीज निर्माण करण्याचे. मग ते आपल्या आवडत्या गतीने निवांत फिरू शकते. दुर्गापूरचे टर्बाइन जसे कोणाच्या घरचा पंखा थेट फिरवत नाही, तसेच हे. कल्पना खरोखर सुंदर होती आणि या मोटारीचे मोठेपण तिच्या वेगापेक्षा या कल्पनेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आकड्यांचा हिशेब

विजेच्या चार मोटरींपैकी प्रत्येकीची ताकद १९५ अश्वशक्ती, म्हणजे १४५ किलोवॉट. चार मिळून ५८० किलोवॉट. बॅटरीची साठवण १९.६ किलोवॉट-तास, म्हणजे आपल्या विजेच्या बिलाच्या भाषेत १९.६ युनिट. बॅटरीचे वजन २३० किलो. संपूर्ण मोटारीचे वजन १३५० किलो. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर ११० किलोमीटर जाता येईल आणि टर्बाइनच्या मदतीने, ६० लिटरच्या टाकीवर, एकूण ९०० किलोमीटरचा पल्ला गाठता येईल, असा कंपनीचा दावा होता. ११० किलोमीटर म्हणजे चंद्रपूरहून चिचपल्लीमार्गे मूलला येऊन परत चंद्रपूर गाठण्याइतके अंतर, वर थोडे शिल्लक.

आता थोडा साधा गुणाकार-भागाकार करू. चारही मोटरींना त्यांची सारी ताकद एकदम द्यायची तर ५८० किलोवॉट हवेत. दोन्ही टर्बाइन मिळून देणार १४०. उरलेले ४४० बॅटरीने द्यायचे. १९.६ युनिटची बॅटरी या दराने पावणेतीन मिनिटांच्या आत रिकामी होईल. त्यानंतर ही ७८० अश्वशक्तीची मोटार टर्बाइनच्या सुमारे १९० अश्वशक्तीवर येते. अर्थात रस्त्यावर कोणीही सलग पावणेतीन मिनिटे पूर्ण ताकद वापरू शकत नाही. ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने तेवढ्या वेळात चौदा किलोमीटर मागे पडतात. तरीही अतिवेगवान विजेच्या मोटारींचे आकडे वाचताना ‘किती’ याच्या जोडीने ‘किती वेळ’ हा प्रश्न विचारायला हवा.

दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाच्या तर थेट छातीशी संबंध असलेला. या मोटारीतून किलोमीटरमागे अवघा २८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असे जाहीर झाले होते. एखाद्या लहान मोटारीतूनही याच्या तिप्पट-चौपट वायू बाहेर पडतो. मग ७८० अश्वशक्तीच्या मोटारीला हे कसे साधले? उत्तर युरोपातील तत्कालीन चाचणीच्या नियमात आहे. बाहेरून वीज भरता येणाऱ्या संकरित मोटारींसाठी नियम असा होता की, बॅटरीवर जितके किलोमीटर जाता येते तितके अंतर शून्य प्रदूषणाचे धरायचे, त्यानंतर इंधनावर २५ किलोमीटर चालले असे मानायचे आणि दोहोंची सरासरी काढायची. सी-एक्स ७५ बॅटरीवर ११० किलोमीटर जाणार. त्यात २५ मिळवले की १३५. टर्बाइन चालू असताना किलोमीटरमागे सुमारे १५० ग्रॅम वायू बाहेर पडतो असे धरले, तर सरासरी येते २८. म्हणजे आकडा खोटा नव्हता. फक्त त्यातील ११० किलोमीटरची वीज कोठून आली, हे विचारण्याचे बंधन नियमात नव्हते.

ती वीज दुर्गापूरहून आली असती तर? १९.६ युनिटमध्ये ११० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ०.१८ युनिट. भारतीय कोळशावर एक युनिट वीज तयार करताना साधारण ९०० ग्रॅम ते एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. यावरून किलोमीटरमागे १६० ते १८० ग्रॅम होतात. तारांतील आणि भरणीतील गळती वेगळीच. थोडक्यात, निव्वळ कोळशाच्या विजेवर ही मोटार तिच्या स्वतःच्या टर्बाइनइतकाच, किंबहुना काकणभर जास्त वायू सोडते. फरक एवढाच की तो ज्या शहरात मोटार धावते तेथे न निघता जेथे कोळसा जळतो तेथे निघतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी क्रमवारी लावली, तीत चंद्रपूर अगदी वरच्या क्रमांकांत होते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर धूर न सोडणाऱ्या मोटारींचे स्वागत जरूर करावे. सौर, पवन आणि जलविद्युत यांचा वाटा जसजसा वाढेल तसतसा हा हिशेब बदलत जाणार, हेही खरे. मात्र राखेचे बंधारे आणि काळवंडलेली झाडे ज्यांच्या गावाजवळ आहेत, त्यांनी ‘शून्य प्रदूषण’ हा शब्दप्रयोग थोडा थांबून वाचावा.

अंतरंग

मोटारीची उंची जेमतेम सव्वा मीटरच्या आत होती. सांगाडा ॲल्युमिनियमचा. दारे वर उचलून उघडणारी. आसने मागच्या भिंतीला पक्की जोडलेली. चालकाने आसन पुढे-मागे सरकवायचे नाही, तर सुकाणूचक्र आणि पायपट्ट्याच आपल्याकडे ओढून घ्यायच्या, शर्यतीच्या मोटारीप्रमाणे. आसनांच्या भोवतीने टर्बाइनकडे जाणाऱ्या हवेसाठी मार्ग ठेवले होते. पुढची चाके २१ इंची, मागची २२ इंची. आपल्याकडच्या एखाद्या गतिरोधकावर ही मोटार पोटावर बसली असती, आणि ताडोब्याच्या वेशीवरील रस्त्यांवर ताशी ३३० चा विचार करण्याआधी रानडुकरांची परवानगी लागली असती, हा भाग निराळा.

विल्यम्सशी करार आणि माघार

पॅरिसमध्ये मोटारीचे स्वागत अपेक्षेबाहेर झाले. मे २०११ मध्ये जग्वारने जाहीर केले की, सी-एक्स ७५ च्या कमाल २५० प्रती बनवून विकल्या जातील. किंमत सात ते नऊ लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने पाच ते साडेसहा कोटी रुपये. सांगाडा आता कार्बन तंतूंचा असणार होता आणि तांत्रिक भागीदार होता विल्यम्स. त्याच वेळी टर्बाइनची जागा पेट्रोल इंजिन घेईल, असेही कळले. ते छोटेखानी यंत्र विक्रीयोग्य होण्यास ठरलेल्या मुदतीपेक्षा अधिक काळ लागणार होता. म्हणजे मोटारीचे हृदयच बदलले. एक्सजे २२० च्या वेळीही इंजिन बदलले होते. या वेळी आधीच सांगून टाकले, हा शहाणपणा नोंदवायला हवा.

विल्यम्सच्या अभियंत्यांनी जे उभे केले ते मूळ कल्पनेइतके काव्यमय नसले तरी अचाट होते. फक्त १.६ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन. त्याला सुपरचार्जर आणि टर्बोचार्जर दोन्ही जोडलेले. मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेऱ्या आणि सुमारे ५०० अश्वशक्ती. आपल्याकडे १.६ लिटरच्या इंजिनाकडून शंभर-सव्वाशे अश्वशक्तीची अपेक्षा ठेवतात. जोडीला पुढच्या आणि मागच्या आसाला एकेक विजेची मोटर. सर्व मिळून ताकद ८५० अश्वशक्तीच्या वर. केवळ विजेवर साठ किलोमीटरच्या आसपास जाता येत असे. विजेच्या मोटारीतून निःशब्द घराबाहेर पडावे आणि मोकळ्या रस्त्यावर शर्यतीच्या इंजिनाची किंकाळी ऐकावी, असा दुहेरी स्वभाव.

डिसेंबर २०१२ मध्ये जग्वारने प्रकल्प थांबविल्याचे जाहीर केले. कारण देण्यात आले ते आर्थिक परिस्थितीचे. युरोपात काटकसरीचे वारे होते. अशा दिवसांत सात-आठ लाख पौंडांची मोटार बाजारात आणणे कंपनीला योग्य वाटले नाही. वरवर पाहता हे पटण्यासारखे आहे. पण त्याच वर्षी जग्वार लँड रोव्हर तोट्यात नव्हती. टाटांनी घेतल्यानंतरचे पहिले वर्ष भीषण गेले होते. २००८-०९ मध्ये टाटा मोटर्सला एकत्रित हिशेबात सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा तोटा झाला आणि ‘टाटांनी पांढरा हत्ती घेतला’ अशी टीका झाली. त्यानंतर चित्र पालटले आणि २०११-१२ मध्ये या ब्रिटिश कंपनीचा करपूर्व नफा दीड अब्ज पौंडांवर गेला होता. तेव्हा पैसा नव्हता असे नाही; त्याला अन्य वाटा होत्या. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळ स्वतःचा इंजिनांचा कारखाना उभारायचा होता, कारण तोवर इंजिने फोर्डकडून घ्यावी लागत. चीनमध्ये चेरी कंपनीबरोबर कारखाना काढण्याचे काम २०१२ मध्येच सुरू झाले. एफ-टाइप ही सामान्य, म्हणजे सामान्य श्रीमंतांच्या आवाक्यातील क्रीडा-मोटार बाजारात यायची होती. अडीचशे मोटारी आणि एक कारखाना यांत निवड करायची झाल्यास कारखाना निवडणारा मालक आपण नेहमी चांगला मानतो. टाटांच्या व्यवहाराला हे साजेसेच होते.

याच डिसेंबरच्या २८ तारखेला रतन टाटा समूहाच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. या दोन घटनांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. एका मोठ्या कालखंडाच्या अखेरीस पडलेली ही एक छोटी नोंद, एवढेच.

स्पर्धकांनी मात्र वेगळा मार्ग धरला. पोर्शने ९१८ ही संकल्पना सी-एक्स ७५ च्या सहा महिने आधी, मार्च २०१० मध्ये जिनिव्हात दाखविली आणि पुढे तिच्या ९१८ प्रती बनविल्या. मॅकलॅरेनने पी १ च्या ३७५ प्रती काढल्या. फेरारीच्या ला फेरारीचीही अशीच हातोहात विक्री झाली. तिन्ही संकरित, तिन्ही जग्वारच्या प्रकल्पाच्या समकालीन. मोटारींच्या इतिहासात या तिघींचा उल्लेख नेहमी एकत्र होतो. चौथे नाव त्यांत असू शकले असते.

महाराष्ट्राच्या खाती

जग्वारचे पहिले भारतीय दालन जून २००९ मध्ये मुंबईत उघडले. २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरची फ्रीलँडर आणि २०१३ पासून जग्वारची एक्सएफ ही मोटार सुट्या भागांतून जोडली जाऊ लागली. म्हणजे जग्वारचे बोधचिन्ह पिंपरी-चिंचवडच्या कामगारांच्या हाताखालून गेले, सी-एक्स ७५ मात्र तेथवर आली नाही.

संकल्पना-मोटारींशी महाराष्ट्राचा संबंध याहून जुना आहे. २००३ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ॲस्टन मार्टिनने मांडलेली एएमव्ही ८ व्हँटेज ही संकल्पना-मोटार घडविण्याचे काम मुंबईतील दिलीप छाब्रिया यांच्या डी. सी. डिझाइनने केले होते. छाब्रियांनीच २०१२ मध्ये दिल्लीत अवंती ही क्रीडा-मोटार दाखविली. तिच्यात रेनॉचे दोन लिटरचे, २५० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन होते. टाटांची रेसमो ही चिमुकली दोन आसनी २०१७ च्या मार्चमध्ये जिनिव्हात झळकली आणि तिचाही विचार पुढे सोडून देण्यात आला.

शब्द पाळला तो महिंद्रांनी. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी इटलीची पिनिनफरिना ही आरेखन कंपनी घेण्याचा करार केला. २०१९ मध्ये जिनिव्हात बॅटिस्टा ही १९०० अश्वशक्तीची, पूर्णपणे विजेवर चालणारी मोटार सादर झाली. तिची बॅटरी १२० किलोवॉट-तासांची, म्हणजे सी-एक्स ७५ च्या सहापट. ताशी १०० किलोमीटरचा वेग ती दोन सेकंदांच्या आत गाठते. १५० प्रतींची मर्यादा ठरली आणि २०२२ पासून ग्राहकांना मोटारी मिळू लागल्या. तिची मोटर आणि बॅटरी क्रोएशियाच्या रिमाच कंपनीकडून आली होती. नऊ वर्षांत बॅटरीने इतकी मजल मारली की टर्बाइनची गरजच उरली नाही.

पुढे काय झाले

सी-एक्स ७५ चे पाच नमुने तयार झाले होते. २०१३ मध्ये काही पत्रकारांना ते चालविण्याची संधी देण्यात आली आणि बहुतेकांनी मोटार जवळजवळ तयार असल्याचा निर्वाळा दिला. विजेच्या मोटरी आणि बॅटरी यांवर विल्यम्ससमवेत झालेले काम वाया गेले असे म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये जग्वार फॉर्म्युला ई या विजेच्या मोटारींच्या शर्यतीत उतरली तेव्हा तांत्रिक साथीदार विल्यम्सच होता. चालकाची जागा पुढे सरकविण्याची सी-एक्स ७५ ची ढब २०१८ च्या आय-पेस या विजेच्या मोटारीत ओळखू येते.

चित्रपटाने या मोटारीला दुसरा जन्म दिला. २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या जेम्स बाँडपटात खलनायकाचा हस्तक हिन्क्स रोमच्या रात्रीच्या रस्त्यांवर बाँडचा पाठलाग करतो तो नारिंगी सी-एक्स ७५ मधून. बाँडची ॲस्टन मार्टिन डीबी १० ही देखील केवळ चित्रपटासाठी बनविलेली. म्हणजे त्या पाठलागातील दोन्ही मोटारी बाजारात मिळणाऱ्या नव्हत्या. चित्रीकरणासाठी मुद्दाम बनविलेल्या सी-एक्स ७५ मध्ये टर्बाइनही नव्हते आणि विल्यम्सचे १.६ लिटरचे इंजिनही नव्हते. पायऱ्यांवरून उड्या मारण्यासाठी जग्वारचे नेहमीचे पाच लिटरचे आठ सिलिंडरचे, सुपरचार्जर जोडलेले इंजिन त्यांत बसविले होते.

इयान कॅलम यांनी २०१९ मध्ये जग्वार सोडली आणि वॉरविक येथे स्वतःच्या नावाची आरेखन संस्था काढली. चित्रपटात वापरलेली एक सी-एक्स ७५ तिच्या मालकाने या संस्थेकडे सोपविली. आरसे, दिवे, काचा, धुराड्यावरील प्रदूषणरोधक अशी कायद्याला हवी ती जुळवाजुळव करण्यात आली आणि २०२४ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनानंतर चौदा वर्षांनी, ब्रिटनच्या सार्वजनिक रस्त्यावर रीतसर नोंदणी केलेली सी-एक्स ७५ धावू लागली.